चार दारांची म्हैस

आमचे मॅनेजर पुनमचंद राठोड साहेबांनी स्वतःच्या केबिनमधला एसी बंद केला, त्याच दिवशी मी ओळखलं की आता आमची खैर नाही. बाकीच्या बायका म्हणाल्या, बिघडला असेल. बिघडला असता तर दुरुस्तीवाला आला असता. तीन दिवस कोणी आलं नाही, आणि साहेब खिडकी उघडी टाकून घाम पुसत बसले होते.

हिंगोलीहून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा हळदीचा कारखाना. मार्केटातून पोती येतात, मोठ्या ढोलात घासून हळद चकचकीत होते, आणि मग आम्ही बावीस बायका खाली बसून हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, किडकं एकीकडं करतो. नऊ वर्षं मी हे काम केलं. नाव पंचफुलाबाई. माझ्या तोंडाला तिथं सगळे भ्यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दिवाळीनंतर कॅमेऱ्याचं मशीन आलं. माल वरून पडतो, कॅमेरा बघतो, आणि हवेची फुंकर मारून खराब हळकुंड बाजूला उडवतो. ना चहाची सुट्टी, ना बाळंतपण. आता बावीस बायका कशाला लागतील, हे सांगायला शिकलेलं माणूस नको होतं.

अशा वेळी मॅनेजर ओरडायला लागतो, चुका काढायला लागतो, हे मला माहीत होतं. पण साहेब उलट गोड झाले. दुपारी आमच्यात येऊन पोत्यावर बसायचे, आमच्याच किटलीतला चहा प्यायचे. ऑफिसची चारचाकी गेली आणि ते मोटारसायकलवर यायला लागले. सुपरवायझर भीमसिंग आठवडाभर दिसला नाही. मी हिशेब लावला. यादी लागली की बायका दगड हाणतील, म्हणून गाडी लपवली. भीमसिंगाला खेड्यात पाठवला, कमी पैशात येणाऱ्या नव्या बायका शोधायला. आणि एसी? एसी बंद केला तो आम्हाला दाखवायला, की बघा, मीपण तुमच्यासारखाच.

त्यात साहेब होते बंजारा तांड्यातले. आई ऊस तोडायला जायची असं स्वतः सांगायचे. भिकाबाईला त्याचं फार कौतुक. ती शेजारच्याच तांड्यातली, माझ्या बाजूला बसून माल निवडायची. म्हणायची, आपला माणूस आहे, आपल्याला कसा काढेल? मी म्हणायची, आपल्यातून वर गेलेल्याचीच जास्त भीती, त्याला आपल्या घराची सगळी भोकं माहीत असतात. भिकाबाईच्या घराला भोकंच जास्त होती. नवरा गेलेला, शेत नाही, पोरगा नाही, एक लेक नांदवत नाहीत म्हणून परत आलेली, आणि तिचं लेकरू. तिघांची चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटायची.

मग एक दिवस साहेबांनी सांगितलं, मी प्रत्येकीच्या घरी चहाला येणार. हातात वही होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या भागात घरी वही घेऊन येणारी माणसं दोन तऱ्हेची. एक सर्वेवाला. तो आला की आम्ही गरीब होतो. पंखा काढून माळ्यावर, कोंबड्या शेजारी, शेत भावाच्या नावावर. दुसरे सोयरिकीचे पाहुणे. ते वही आणत नाहीत, पण त्यांच्या डोक्यात ती असते. ते आले की आम्ही श्रीमंत होतो. खुर्च्या मागून आणायच्या, स्टीलचे ग्लास मागून आणायचे, दारात कोणाचं तरी जनावर बांधायचं. गावात कोणी कोणाला याला नाही म्हणत नाही. आज तुझ्या पोरीचं, उद्या माझ्या पोरीचं.

प्रश्न एवढाच होता की साहेब यातले कोण. बायकांनी मला विचारलं, आणि मी वकिलासारखी पायावर पाय टाकून सांगितलं, हे सोयरिकीचे पाहुणे समजा. कंपनी गरिबाला काढते, कारण गरीब भांडत नाही. ज्याच्या घरी काही आहे, तो कोर्टात जाईल, पुढारी आणेल. म्हणून घर भरलेलं दिसलं पाहिजे. आमच्या गावच्या आणि तांड्याच्या मिळून आम्ही नऊजणी होतो. चौघींच्या घरी दाखवायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, म्हैस माझी देते.

ती म्हैस मी हळदीच्या पगारातून घेतली होती. आमचे घरचे, रामकिशन, तीन एकर आणि बकऱ्या सांभाळतात, माणूस वाईट नाही, पण आधी मला मीठ आणायलाही त्यांच्याकडं हात पसरावा लागायचा. पगार आला आणि घरात माझा शब्द चालायला लागला. लेकीला, राधिकाला, हिंगोलीत नर्सिंगला घातलं ते माझ्या शब्दावर. म्हैस दारात आली तेव्हा मी तिच्या कपाळाला हळद लावली आणि सगळ्यांसमोर रडले. डावं शिंग खाली वळलेलं, पण दुधाला खरी.

तर ती म्हैस चार दिवसांत चार दारांत उभी राहिली. माझ्या चार लाल खुर्च्या तिच्या मागं मागं फिरल्या. भिकाबाईला मी पाठ करून घेतलं: सांग, म्हैस घरची, पुतण्या पुण्यात कंपनीत, महिन्याला पैसे पाठवतो. ती घाबरली. म्हणाली, साहेबाला खोटं कसं सांगू? मी तिला झापलं, तुला काम पाहिजे का न्हाई? तिला पाहिजे होतं. तिनं सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

मग ते माझ्याकडं आले. आमच्या दारात त्या दिवशी म्हैस नव्हती, ती अजून तांड्यात होती. मी काही फार बोलले नाही. चहा दिला, भरपूर दुधाचा, वर साय. साहेब कपाकडं बघत बसले आणि वहीत काहीच न लिहिता उठले. मला ते अजिबात आवडलं नाही.

आठवड्यानं कळलं, शनिवारी यादी लागणार. शुक्रवारी दुपारी बायका बाहेर भाकरी खात होत्या आणि साहेबांनी मला एकटीला आत, ढोलापाशी बोलावलं. मी पदर खोचूनच गेले. मालकानं बारा बायका काढायला सांगितल्या होत्या, असं ते म्हणाले. भांडून भांडून त्या सात केल्या आहेत. सात कोण ते ठरवायचं आहे, आणि ज्यांच्या घरी दुसरा आधार आहे त्यांचीच नावं टाकायची, असं त्यांनी मालकाला कबूल करायला लावलं आहे.

म्हणजे मी जे समजले होते, त्याच्या बरोबर उलट. पण मी सहजासहजी पटवून घेणारी बाई नाही. मला वाटलं, हा नवा डाव. मला गोड बोलून माझ्याकडूनच नावं काढून घ्यायची, आणि उद्या बायकांना सांगायचं, पंचफुलाबाईनंच दिली.

आम्ही हटकर धनगर. आमच्यात कोणाच्या बोलण्याचा भरवसा नसला की त्याला भंडारा उचलायला लावतात. देवाची हळद हातात घेऊन बोलायचं. ती हातात असताना जो खोटं बोलला, त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. ढोलाखाली हळदीची पूड बोटभर साचलेली असते. मी वाकून चिमूट उचलली, मनात बिरोबाचं नाव घेतलं आणि साहेबांच्या समोर धरली.

"भंडारा उचला," मी म्हटलं. "अन् मंग सांगा, गरिबाला काढणार न्हाई म्हणून. तुमचा देव येगळा म्हणून सुटाल, असं समजू नका."

मला वाटलं, हसतील किंवा चिडतील. त्यांनी हात पुढं केला. हळद तळहातावर घेतली आणि सावकाश बोलले, की जिच्या घरी दुसरं कमावणारं नाही तिला ते काढणार नाहीत. वरचे पाच आधीच काढलेत. भीमसिंग त्यातला एक, गाडीचा ड्रायव्हर दुसरा. गाडी परत केली, एसी बंद केला, त्या पैशावर दोन बायका वाचल्या.

माझा सगळा हिशेब एका चिमटीत निकाली निघाला. मी वळायला लागले, तर त्यांनी तोच तळहात माझ्यापुढं धरला.

"आता तुमी उचला, मावशी. म्हैस कोणाची हाय?"

"कोणती म्हैस?"

"डावं शिंग खाली असलेली. मी तिला चार दारांत पाह्यलं. भिकाबाईच्या दारात म्हैस, अन् कपात कोरा चहा. तुमच्या दारात म्हैस न्हाई, अन् चहावर साय."

दुधाचं मी विसरले होते. म्हैस नेली, खुर्च्या नेल्या, ग्लास नेले, आणि वाटीभर दूध द्यायचं विसरले. साहेब तांड्यातच वाढलेले, सोयरिकीच्या खुर्च्या त्यांनीही डोक्यावर वाहिल्या असणार. ते म्हणाले, मला दिसतंय, पण वहीत मी प्रत्येकीनं सांगितलं तेच लिहिलं आहे. मालकाचा माणूस तीच वही बघणार. तुम्ही बोलल्याशिवाय मला ते खोडता येणार नाही. वहीप्रमाणं गेलं तर भिकाबाई पहिली जाते.

मी त्यांच्या तळहाताकडं बघत उभी राहिले. नुसतं तोंडानं खोटं बोलायचं असतं तर मी बोलले असते, हे कबूल करते. माझी नऊ वर्षं होती. राधिकाचं दीड वर्ष राहिलं होतं. पुन्हा मिठासाठी हात पसरायचा, या विचारानं मला उभ्या जागी राग आला, साहेबांचा आला, भिकाबाईचासुद्धा आला. पण पिवळी पूड समोर होती आणि ती मीच आणली होती.

मी चिमूट उचलली.

"म्हैस माझी हाय," मी म्हटलं. "चारी दारची. खुर्च्या बी माझ्या. भिकाबाईला पुतण्या न्हाई. तिला कोणीच न्हाई."

बाकी तिघींचंही सांगितलं. साहेबांनी उभ्याउभ्याच वहीत खोडलं, लिहिलं. मग म्हणाले, तुमचं नाव येईल मावशी, तुम्हाला तकलीफ होईल, कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय. डोळ्यात पाणी आलं ते हळदीनं आलं असं मी त्यांना सांगितलं.

शनिवारी यादी लागली. वर पाच नावं ऑफिसची, भीमसिंगाचं पहिलं. खाली सात बायका, त्यात मी पहिली. प्रत्येकीला तीन महिन्यांचा पगार. साहेबांचं नाव कुठंच नव्हतं, तेही मी पाहून घेतलं. भिकाबाईचं नाव नव्हतं. ती यादीपुढं तीनदा गेली आणि तीनदा परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. डोक्यावर दोन खुर्च्या, मागं लेक दोन घेऊन. खुर्च्या भिंतीला लावल्या, पण बसली नाही. मी म्हशीखाली बसले होते, धार काढत. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. शुक्रवारी मी आत अर्धा तास होते, हे सगळ्या बायकांनी पाहिलं होतं. आणि आमच्यात सगळ्यात जास्त तोंड असलेली बाई यादीत पहिली येते आणि ओरडत नाही, हे कोणाला पटलं नव्हतं.

"खरं सांग पंचफुला," ती म्हणाली. "साहेबानं तुला काय देलं?"

"काही न्हाई."

"मंग तू भांडली काहून न्हाई?"

सांगितलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. पण मग ती उद्यापासून खाली मान घालून माल निवडणार, माझ्या दारावरून जाताना पाऊल जपून टाकणार. आणि तिनं तरी माझ्यावर विश्वास का ठेवावा? फुकट कोणी काही देत नाही, हे त्या चौघींच्या डोक्यात मीच भरलं होतं. मी उठले, तांब्यात दूध ओतलं, वर फेस होता, आणि तिच्यापुढं धरला.

"घेऊन जा. लेकराला देजो. साहेब पुन्यांदा चहाला आला तं तुझ्या घरी दूध पाह्यजे."

भिकाबाईनं तांब्याकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं. बोटं अजून पिवळी होती.

"काहून देऊन राहिलीस?" तिनं विचारलं.

मी तांब्या धरून उभी राहिले. ती हात पुढं करेना.