समुद्राकडचं पाखं

शनिवारी दुपारी डांबराचा शेवटचा हात फिरवून नेस्ट खाली उतरली आणि अंगणात उभी राहून तिनं मान वर केली. छप्पर काळंभोर झालं होतं. सोमवारपासून ती एकटी खपत होती. आधी जुन्या चुन्याचे पोपडे खरवडले, मग हललेल्या दगडी पाट्या ठोकून बसवल्या, गुरुवारी मागचं पाखं रंगवलं आणि आज समुद्राकडचं. तीन हिवाळे उशाशी पातेलं ठेवून झोपलेल्या बाईला तो काळा रंग किती देखणा वाटला असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

नवरा इदवाल आठवडाभर बेटावर होता. तो आणि शेजारच्या लेवीचा मुलगा गेथिन सोमवारी पहाटे शेवंडं धरायला होडीतून जात, तिथल्या खोपटात राहत आणि शनिवारी दिवस मावळायच्या आत परत येत. रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी पोर्थगारू गावात कुणी होडीला हात लावत नसे. बटाटेसुद्धा आदल्या दिवशी सोलून ठेवायचे. वेल्सच्या त्या किनाऱ्यावर सगळीकडे हीच रीत. छपराच्या चुन्याचं पोतं इदवालनं वसंतातच आणून टाकलं होतं, पण त्याचा 'पुढचा आठवडा' काही उजाडत नव्हता. नेस्टनं मनाशी ठरवलं, चुना दरवर्षी धुऊन जातो, डांबर टिकतं. होडीसाठीचं डांबर घरात होतंच. तिनं सकाळची प्रार्थना म्हटली आणि पदर खोचावा तसा झगा कमरेला खोचून कामाला लागली.

सासू हॅना हातात बटाटा आणि सुरी घेऊन दारात आली.

"रंगलंय खरं. पण घरानं सुतक धरल्यासारखं दिसतंय."

"गळणार नाही ना, आई? मग धरू दे सुतक."

हॅना हसली. तेवढ्यात फाटक वाजलं. लेवी आला होता. गुडघा सुजल्यामुळे तो म्हातारा पाच दिवस बिछान्यात होता, आणि आज होडी यायची म्हणून काठी टेकत टेकडी चढला होता. त्यानं वर पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

"पोरी, पांढरा रंग कुठं गेला?"

"खरवडून काढला, लेवीकाका. आता दहा वर्षं बघायला नको."

"अगं, त्या रंगावर तर होड्या आत येतात!"

नेस्टला कळेना. लेवी खाली दगडी कट्ट्यावर बसला. समुद्रातून येताना हे छप्पर टेकडीमाथ्यावरच्या चॅपेलच्या, प्रार्थनाघराच्या, भिंतीखाली बरोबर आलं, की समोरच्या दोन खडकांमधली वाट सरळ समोर असते. गावातली बाकी घरं खोलगटात, समुद्रातून दिसत नाहीत. घर दिसतं ते एवढंच.

"इदवाल मला कधी बोलला नाही," नेस्ट म्हणाली.

"बोलणार कसा? आम्ही खुणा होडीबाहेर काढत नाही. एकदा का दुसऱ्या बंदरात कळल्या, की आमच्या सापळ्यांवर त्यांचे सापळे पडले. माझी बायको बेचाळीस वर्षं माझ्या घरात राहिली. तिलाही नाही सांगितलं."

"मग भोगा आता," हॅना म्हणाली.

लेवीनं समुद्राकडे बोट दाखवलं. नैर्ऋत्येकडून धुकं सरकत येत होतं, बेट अर्धं झाकलं गेलं होतं. "आज त्यांना फक्त पांढरा ठिपका दिसेल. आणि पांढरा ठिपका आता एकच उरलाय. पलीकडच्या खाडीवरचा मॉर्गनचा गोठा. त्यालाच आपलं छप्पर समजून होडी वळवतील. गोठ्यासमोर वाट नाही, नेस्ट. नुसते खडकांचे दात आहेत."

होडीनं बाहेर समुद्रात थांबायचं म्हटलं तर वारा किनाऱ्याकडे ढकलणारा, वर उद्या रविवार. ते थांबणार नाहीत, हे नेस्टला पुरतं माहीत होतं.

ती आत धावली, पलंगावरची चादर ओढून पाख्यावर आढ्यापर्यंत टेकलेली शिडी चढली. एक टोक आढ्याखाली खोचलं, दुसरं खोचण्याआधीच वाऱ्यानं चादर फाडून चिंधी हातात ठेवली. तिनं घमेल्यात चुना कालवला आणि कुंचल्यानं मारून पाहिला. पाणी डांबरावरून ओघळलं, चुना त्याच्याबरोबर निघून गेला.

"धरत नाही!" ती वरून ओरडली. "आई, धरत नाही!"

"होडी दिसली," कट्ट्यावरून लेवी म्हणाला. त्यानं खिशातली दुर्बीण डोळ्याला लावली होती.

नेस्टनं तोल सावरायला हात छपरावर टेकवला. तळवा चिकटला. समुद्राकडचं पाखं आजचंच होतं, अजून ओलं. ती क्षणभर तळव्याकडे बघत राहिली.

"आई, कोरडा चुना द्या! पोतं फोडा! पाणी नको, कोरडाच!"

सत्तरीची हॅना घमेलं घेऊन शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढली. तिथून तिनं ते डोक्यावर धरलं. नेस्टनं ओंजळ भरली आणि फेकली. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यानं ती भुकटी छपरावर दाबून बसवली. काळ्यावर पांढरा पट्टा उमटला आणि तसाच राहिला.

"आणखी!"

ओंजळीमागून ओंजळ. निम्मा चुना पाट्यांवर, निम्मा तिच्या तोंडावर. डोळ्यांत आग उठली. तिनं ते मिटून घेतले आणि चाचपडत एक एक पायरी सरकत फेकत राहिली. "प्रभो, एवढं धरून ठेव," एवढंच तिच्या तोंडी होतं. लहानपणापासून पाठ केलेलं एकही वचन त्या वेळी आठवलं नाही.

"खाली ये, डोळे धू! आंधळी होशील!" हॅना ओरडली.

"होडी कुठं तोंड करून आहे?"

तिनं आणखी एक ओंजळ फेकली.

"लेवीकाका, कुठं?"

"गोठ्याकडे," लेवी म्हणाला.

नेस्टनं घमेलंच वर ओढून घेतलं, मांडीत धरलं आणि दोन्ही हातांनी चुना उधळू लागली. पावसाचे बारीक थेंब पडायला लागले होते. हातांना भेगा पडून जळत होतं.

"अजून गोठ्याकडेच... थांब. शीड पाडलं. थांबलेत. गेथिन पुढं उभा राहिलाय." लेवीचा श्वास खाली ऐकू येत होता. "बघतोय. इकडं बघ, गाढवा, इकडं बघ! त्यानं हात केला... वळली! नेस्ट, वळली गं! चॅपेलच्या रेषेत आली, सरळ आली!"

काठी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. मग लेवीची लंगडती पावलं उताराला लागली. हॅना शिडीला डोकं टेकून रडत होती, आणि मधूनच "आले गं, आले" म्हणत होती. नेस्टला ऐकू येत होतं. पण तिचे हात थांबत नव्हते. घमेल्याच्या तळाशी राहिलेला चुना ती बोटांनी खरवडून फेकत होती.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. थंड, खारट, ओला हात तिच्या घोट्याभोवती घट्ट आवळला गेला.

"नेस्ट," इदवाल म्हणाला. "खाली ये."

तिनं मिटल्या डोळ्यांनी मान हलवली.

"थांब जरा. डावीकडचा कोपरा राहिलाय."