उतारावरचा चर

धुळ्यात आमच्या घरासमोरचा रस्ता दर डांबरीकरणात उंच होत गेला आणि गेटपासून घराकडे उतार झाला. पावसाचं पाणी थेट आत यायचं. मी उतारावर गुळगुळीत कोबा केला, तर ते आणखी जोरात यायला लागलं.

सावद्याहून माझे सासरे, तोताराम आबा आले. ते केळी पिकवतात. गेटपाशी बादली ओतून ते पाण्यामागे चालू लागले.

मी वैतागून म्हणालो, "आबा, गवंडी येतोय, तो बघेल."

त्यांनी उतारावर राखेनं आडवी, जराशी तिरकी रेघ ओढली, गवंड्याकडून तिथे तिरका चर खोदून घेतला आणि चराच्या टोकाला केळीचा कंद लावला.

परवा धो धो पाऊस झाला. घर कोरडं राहिलं. मी आभार मानायला फोन लावला.

"ते राहू द्या, जावईबापू. केळीपाशी पाणी पोचलं का?"

पोचलं होतं.