जयमालेची केशरी आसवं

गुरुवार म्हटला की सोनाळ्याबाहेरच्या रंगरावबाबाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. आज तर बाबानं कमालच केली. जयमालेला पुढं बोलावलं, पांढराशुभ्र रुमाल तिच्या ओल्या डोळ्यांना लावला आणि उंच धरला. रुमालावर केशरी डाग!

"पाहा बाप्पा! मोठा आजार होता या पोरीले. माह्या तीर्थानं रोग केशर होऊन डोयातून निघून राह्यला! कूस उघडली, चौथा महिना चालू हाय. अन् दवाखान्याच्या गोळ्या कुठं गेल्या व पोरी?"

"पिंपळाखाली पुरल्या, बाबा."

जयजयकार झाला. गर्दीतली मंजुश्री मात्र हात जोडायचं विसरली. तिच्या पोटात दुखत होतं.

दोघींनाही एचआयव्ही. बाजाराचं निमित्त सांगून दोघी औषधाच्या सेंटरवर जायच्या, तिथल्या बाकावर मांडीला मांडी लावून सुखदुःख बोलायच्या आणि गावात मात्र ओळखही दाखवायच्या नाहीत. मंजुश्रीनं एक गोळी कधी चुकवली नव्हती. विषाणू दबेपर्यंत मूल नको म्हणून तिनं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन घेतलं. रिपोर्ट चांगला आला तेव्हा डॉक्टरांनीच ते थांबवलं. नवरा अश्वजित आस लावून बसला होता, पण दिवस काही राहत नव्हते. आणि ही जयमाला! टीबीचा कोर्स चालू, त्यात मूल नको म्हणून मेडिकलातून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणून खाणारी. नको म्हणणारीची ओटी भरली आणि मागणारी कोरडीच! मंजुश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबानं तिला बरोबर हेरलं आणि गोड बोलून इंजेक्शनाचंही काढून घेतलं. "तुयी कूस त्या इंजेक्शनानं जाळली, बाई. येत्या गुरवारी समद्या गोळ्या आन. पुरल्या का उघडलीच समज."

तिनं गोळ्या पिशवीत बांधल्यासुद्धा. पण मनात किडा वळवळत होता: सेंटरवाल्यांनीच जयमालेला भारी औषध दिलं असेल आणि मला हलकं. बुधवारी तिनं ती पिशवी सेंटरच्या डॉक्टर समतांच्या टेबलावर आपटली.

"तिले देल्लं तेच मले द्या! असा दुजाभाव काऊन करता?"

मग टीबी, मेडिकलातल्या गोळ्या, केशरी आसवं, पिंपळ, सगळं भडाभडा बाहेर आलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुसऱ्या बाईबद्दल मी काही बोलणार नाही. औषधाबद्दल सांगते. टीबीच्या औषधांत एक लाल औषध असतं. त्यानं लघवी, घाम, आसवं केशरी होतात. तेच औषध पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर लवकर संपवतं, म्हणून गोळ्या खाऊनही दिवस राहू शकतात. काय काय खाता ते सगळं सांगा, असं आम्ही उगाच म्हणत नाही."

"अन् माही कूस?"

"कुठं जळतेय! हे इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला कधीकधी वर्षही लागतं. तुझं थांबवून सहा महिनेही झाले नाहीत." डॉक्टरांचा आवाज बदलला. "पण गरोदरपणात एचआयव्हीच्या गोळ्या सोडल्या, तर रोग बाळाला लागू शकतो."

परतीच्या एसटीत मंजुश्रीच्या मनात पाप आलं. जयमालेला हे नाही सांगितलं तर? आपण तर कुणाचं काही वाईट केलं नाही. भोगेल आपल्या कर्माचं! हा विचार आपला आहे हे कळलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. घरी तिनं सगळं अश्वजितला सांगितलं. आजाराचं गुपित फुटेल म्हणून तो आधी घाबरला, मग म्हणाला, "जाय तू. मी येतो संग."

गुरुवारी अश्वजितला घेऊन ती शेडमध्ये गेली आणि थेट बाबासमोर उभी राहिली. तीर्थ मागून घेतलं आणि घटाघटा प्याली. रडू तर आलेलंच होतं. तिनं रुमालानं डोळे पुसले आणि तो सगळ्यांना दाखवला. रुमाल पांढराच्या पांढरा.

"श्रद्धा कच्ची!" बाबा गरजला.

"बरं. मंग पुंजाजीमामाचे डोये पाहू." म्हाताऱ्या पुंजाजीला टीबी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. "मामा, तीर्थ घेतलं का कधी?"

"छ्या! म्या त फकत पंगतीले येतो."

पंगतीतला कांदा फोडून तिनं त्याच्या नाकापुढं धरला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली आणि रुमाल केशरी झाला. शेडमध्ये हशा पिकला.

"काय वो बाबा, मामाची बी कूस उघडली का?" मागून एक बाई ओरडली.

"टीबीच्या लाल औषधाचा रंग हाय हा," मंजुश्री म्हणाली. "मले डॉक्टरनं सांगतलं."

जयमाला पुढं आली. "तेच औषध मीबी खाऊन राह्यली, तेवढं नाई पुरलं," ती पुटपुटली. मग पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "बाबा, मंग मी त्या दुसऱ्या गोळ्या पुरल्या, त्याचं काय? माह्या लेकराचं काय?"

बाबा मोटारसायकलची चावी शोधत होता. मंजुश्रीनं जयमालेचा हात धरला आणि भर गावादेखत तिला सेंटरवर नेलं. वाटेत मंजुश्रीनं आपल्या हेव्याचंही सांगून टाकलं. लोक बोलायचं ते बोलले. एचआयव्हीच्या नवीन गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

जयमालेला मुलगी झाली. दीड महिन्यानं बाळाची पहिली तपासणी झाली आणि त्यात रोग निघाला नाही. जयमालेनं लेक मंजुश्रीच्या मांडीवर ठेवली. "हेवा वाटते का व अजून?"

"हाव. लय वाटते," मंजुश्री म्हणाली आणि बाळाला घट्ट धरून रडली.

हेवा कुणालाही वाटतो, त्यात लाज कसली? शेजारणीचं भलं झालं तर आधी विचारा, कसं झालं? डॉक्टरला विचारा, बाबालाही विचारा. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून आपलं औषध कधीही सोडू नका.