लटारूची शिट्टी

मेलेला माणूस रेडिओतून बोलतो असं ठरल्यापासून गावच्या चावडीसमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. पोंभुर्ण्याच्या अलीकडचं हे जंगलातलं गाव. दुपार कलली की बायामाणसं जमत. वारलू भगत ओट्यावर बसून रेडिओचं बटण हळूहळू फिरवी. नागपूरचं गाणं मागं पडे, खरखर येई, आणि मग एका जागी लांब, बारीक शिट्टी उमटे.

भगत मोरपिसांचा कुंचा उचलून म्हणे, "आला. तळ्यातून आला. गळ्यात पाणी हाय, म्हणून बोल फुटत नाई. अर्थ मी सांगतो."

लटारू ढिवर थंडीत डोंगा उलटून तळ्यात बुडाला होता. त्याची आई सुगंधाबाई रोज पुढं बसे आणि शिट्टी येताच पदर तोंडाशी धरी. आधी लटारूनं नारळ मागितला, मग काळी कोंबडी. मागच्या आठवड्यात मात्र भगतानं लटारूच्या बायकोला, कमळाला, रेडिओसमोर उभं केलं. ती जवळ येताच त्यानं कुंचा पेटीमागून फिरवला आणि शिट्टी चढत चढत किंचाळल्यासारखी झाली.

"पाह्यलं? बायकोले पाहून कसा रडते तो. हिनंच खाल्लं त्याले."

आज पंच बसणार होते आणि कमळाला गावाबाहेर काढणार होते.

गुणवंतराव गुरुजींना हे सगळं ठाऊक होतं. तो रेडिओ त्यांनीच बनवलेला. नागपूरच्या भंगारबाजारातून लढाईतलं सामान आणून त्यांनी तो जुळवला होता. पुढं घरी नवा बांधला, बिनतारी बोलण्याचा परवानाही मिळाला, तेव्हा जुना त्यांनी चावडीला दिला. लोकांना बातम्या आणि बाजारभाव कळावेत म्हणून. ती शिट्टीही त्यांच्या ओळखीची होती. तिच्यापायी त्यांनी कितीदा डोकं धरलं होतं.

तरी ते घरीच बसून होते. आपोआप पेटणारा नारळ त्यांनी याच गावाला उलगडून दाखवला होता, लिंबातून निघणारं रक्तही. लोक माना डोलवत आणि महिन्याभरानं दुसऱ्या भगताच्या पाया पडत. आता बोलायचाच कंटाळा आला होता.

त्यांच्या पत्नी आशाबाईंनी ताट पुढं ठेवलं. "कमळाचं बोचकं बांधून झालं. मी आताच पाहून आली. जेवा, पण मग जा."

गुरुजी जेवले आणि गेले.

चावडीत शिट्टी चालूच होती. कमळा पायाशी बोचकं ठेवून खांबाशी मान खाली घालून उभी होती. गुरुजींनी पंचांना हात जोडले. "भगताले एकच विचारतो. लटारू या पेटीत कुठून येते?"

"वरून," भगत म्हणाला. "चिंचेवरच्या तारेतून."

"नागपूरचं गाणं?"

"तेही तारेतूनच."

गुरुजींनी बटण फिरवून गाणं लावलं आणि पेटीमागून ती तार उपसली. गाणं विझलं. मग त्यांनी बटण परत त्या जागी आणलं. शिट्टी होती तशीच होती.

लोक कुजबुजू लागले. भगत म्हणाला, "आत्म्याले तार काऊन लागते?"

"आताच तर तुम्ही सांगितलं. बरं, तो कुंचा जरा पंचांजवळ द्या."

भगतानं कुंचा मागं घेतला. म्हाताऱ्या मनसाराम पंचानं तो त्याच्या हातून काढून घेतला. मूठ जड पितळेची होती. गुरुजींच्या सांगण्यावरून मनसारामनं ती हातात धरून पेटीच्या उघड्या पाठीशी नेली. शिट्टी चढली. मागं घेतली, उतरली. पुन्हा नेली, किंचाळली. कमळा खांबाशीच होती.

"भाऊ, तुम्ही त्याले काय केलं होतं?" गुरुजींनी मनसारामला विचारलं. "तुम्हाले पाहून काऊन रडते?"

मनसारामनं कुंचा खाली ठेवला. गुरुजी थकल्या आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगू लागले. या पेटीत एक काचेचा दिवा आहे, तारायंत्राची कडकट्ट ऐकण्यासाठी लावलेला. तो स्वतःच बारीक लहरी सोडतो. त्यातली एक शेजारच्या तारांत शिरते आणि रेडिओला वाटतं, बाहेरून कोणी आलं. तो आपलाच आवाज ऐकत बसतो. हात किंवा धातू जवळ नेला की आतलं मोजमाप हलतं, म्हणून सूर बदलतो. त्या दिव्यावर पत्र्याचं टोपण घालून ते खालच्या सांगाड्याला जोडलं, की लहर कोंडली जाते.

त्यांनी टोपण बरोबर आणलं होतं. ते बसवू लागले तेव्हा सुगंधाबाई उठून जवळ आली.

"गुरुजी, नका बंद करू."

गुरुजींचे हात थांबले.

"तो नसन, मले समजलं," ती म्हणाली. "पण रोज वाटे, आहे."

गुरुजींनी टोपणावरचा हात काढला. "माय, तुम्ही म्हणत असाल तर राहू देतो. पण ही शिट्टी राहिली, तर उद्या दुसरा कोणी तिचा अर्थ सांगन. तुमचा लटारू गेला. ही कमळा आहे."

सुगंधाबाईनं स्वतःच टोपण दिव्यावर दाबलं. गुरुजींनी त्याची तार सांगाड्याला जोडली. शिट्टी बारीक झाली, अजून बारीक झाली, आणि कान लावल्याशिवाय ऐकू येईनाशी झाली.

वारलू भगत कधी निघून गेला ते कोणाला कळलं नाही. पुढच्या गावात तो दुसरं काही मांडणार, हे गुरुजी जाणून होते. ते लोकांकडं वळले.

"मी दरवेळी येऊ शकणार नाई. म्हणून एवढं करत जा. कोणी नवल दाखवलं तर पाया पडायच्या आधी त्याची तार काढून पाहा. आणि त्या नवलापायी कोण्या बाईले घराबाहेर काढा म्हणत असन, तर तार काढायचीही वाट पाहू नका. तिच्याजवळ जाऊन उभे राहा."

सुगंधाबाई खांबाकडं गेली आणि कमळाचं बोचकं तिनं स्वतःच्या काखेत घेतलं.

"चाल," ती म्हणाली. "चूल पेटवाची हाय."