अकरा टक्के सगुणा

"अकरा टक्के," मी म्हणाले. "मावशी, नाव जुळत नाही हो."

"माज्या बापाला मी अकरा टक्के हाय व्हय?" कुसाबाईंनी असं पाहिलं, जणू मीच चोरी केली होती.

नाशिकच्या या जमीन-नोंदींच्या कचेरीत मी कंत्राटावर नावं जुळवते. जुन्या रजिस्टरातलं नाव आणि आजचं नाव शेजारी ठेवलं, की आमचा प्रोग्रॅम किती अक्षरं बदलली ते मोजतो, मग उच्चार ताडून बघतो आणि टक्के सांगतो. सावळीराम, सावळेराम, सावळाराम हा एकच माणूस, हे त्याला मीच शिकवलं. साहेब आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे, मीही मिरवायचे. पंचाहत्तरच्या खाली आलं की अर्ज बाद, हा साहेबांचा नियम.

कुसाबाई दिंडोरीकडून आल्या होत्या. त्यांचे वडील मल्हारी वारले आणि दीड एकरावर वारस म्हणून भावाने फक्त स्वतःचं नाव लावायला दिलं. हरकतीचा आज शेवटचा दिवस. जुन्या रजिस्टरात मल्हारीला दोन मुलं होती, वाळू आणि सगुणा. सगुणा लहानपणीच वारली, असं वाळूने लिहून दिलं होतं.

"मीच सगुणा. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिवलं. तवापासून सगुणा म्हनून कोनी हाक मारली नाय."

चार महिन्यांत अशा किती बायका मी बाद केल्या असतील? माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं, तरी प्रोग्रॅमला शिकवताना हे सुचलं नाही. आधी संताप आला तो माझाच.

बहीण हरकत घेणार हे कळून वाळूही आला होता, दाराजवळच्या बाकावर बसला होता. त्याला मी टेबलाशी बोलावलं.

"काका, या तुमच्या बहीण ना?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, बहिणीकडे नाही. "मशीन काय म्हनतं?"

"मशीनचं सोडा. तुम्ही सांगा."

"मशीन नाय म्हनतं तर नाय. आपून अडानी मान्सं."

अडाणी! एक ठेवून द्यावीशी वाटली.

"वाळ्या," कुसाबाई म्हणाल्या, "माज्या लग्नात नवऱ्याचा कान कोनी पिळला रं? मानाचा टावेल-टोपी कोनी घेतला?"

तो परत बाकावर जाऊन बसला. मी साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "कागद असला तर बघू. रडारड नको."

कुसाबाईंकडे कागद कुठला! त्यांनी पिशवीतून एक हिरवी साडी काढली, घडीही न मोडलेली.

"ही त्याला परत द्यायला आनली. दिवाळीला घिऊन आला, म्हनला अंगठा दे. मी नाय दिला. अंगठा पायजे व्हता तवा मी बहीन व्हते. आता मेले."

साडीच्या घडीत टाइप केलेला एक कागद होता. रागारागात निघालेला वाळू तो तिथेच विसरला होता आणि बाईंना वाचता येत नव्हतं. मी उलगडला. बहिणीने वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र. खाली वाळूची सही, अंगठ्याची जागा कोरी. पहिलीच ओळ होती, 'मी सगुणा मल्हारी, लग्नानंतरचे नाव कुसाबाई धनराज, वाळू यांची सख्खी बहीण...'

"साहेब!" मी एवढ्या जोरात ओरडले, की सगळी कचेरी वळून बघायला लागली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हरकत नोंदवून घ्या. सुनावणी लागेल." मग वाळूकडे बघून म्हणाले, "जिवंत बहीण मारलीत. त्याचाही जबाब द्यावा लागेल."

मी प्रोग्रॅम बंद केला आणि हरकत हाताने लिहिली. कुसाबाईंनी अंगठा उमटवला, साडी उचलली आणि वाळूच्या मांडीवर ठेवली.

"आता तुजं माह्यार तुटलं," तो म्हणाला.

"मेल्या बाईला कसलं माह्यार?"

त्या जिन्याकडे निघाल्या. गुडघे आखडलेले, पायऱ्या उंच. वाळू बाकावरून उठला नाही. मी धावत जाऊन हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी करत, त्या एकट्याच खाली उतरल्या.