बॉटनी बेला गेलेली हेस्टर

पेलवर्डाइन हॉल हा जमीनदारांचा वाडा पाडला त्याला आता बरीच वर्षं झाली. छपराचं शिसं विकलं गेलं, दगड रस्त्याच्या भरावात गेले, आणि उरलेल्या दगडी फाटकाच्या आडोशाला ग्लिन बीवन हल्ली कोंबड्या पाळतो. तरी आमच्या गावाचं हॉलचं वेड काही सुटत नाही. उन्हाळ्यातल्या जत्रेत विकायला हॉलच्या इतिहासाची पुस्तिका हवी असं समितीने ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं. शाळेतून निवृत्त झालेली बाई म्हणजे गावाच्या हिशेबी रिकामीच. "कारंजं विसरू नका, आणि ड्यूक जेवायला आले होते तेही," असं पाद्रीबुवांनी मला दोनदा बजावलं.

मी मान डोलावली. कारंज्यात मला काडीचाही रस नव्हता आणि ड्यूकने काय खाल्लं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मला शेतं हवी होती. कुठला बांध कधी घातला, कुठली पायवाट कुणी बंद केली, याचं मला जन्मभर खिडकीतून बघताना कुतूहल होतं, आणि आता विचारायला निमित्त मिळालं होतं.

म्हणून दर गुरुवारी मी बस पकडून जिल्ह्याच्या गावी दफ्तरखान्यात जायला लागले. तिथले मिस्टर ऑर्मरॉड दारातच माझं पेन काढून घेत आणि पेन्सिल हातात देत. वर विचारत, "हात धुतलेत ना?" हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना विचारला. तो मला कुणी विचारल्यावर अंगाची लाही होते हे तेव्हा कळलं. पण माणूस जीव लावून काम करणारा होता. हॉलच्या जमिनीचे नकाशे तो तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांवर घेऊन यायचा.

त्या नकाशांत प्रत्येक शेताला नाव होतं. गावात आता ती नावं कुणाच्या तोंडी नाहीत. परतताना मी ती लेटी प्रॉबर्टला वाचून दाखवायची, कारण बस तिच्या दाराशीच थांबते. लेटी चर्चच्या समोर विधवांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांत राहते. पंधराव्या वर्षी हॉलवर भांडी घासायला आली आणि इथंच लग्न करून राहिली. ऐंशी कधीच ओलांडली. नजर अधू झाली आहे, जीभ नाही.

"काय मास्तरीणबाई, आज काय उकरलंस?" चहा ओतता ओतता ती विचारायची.

"'शंभर एकर' नावाचं शेत कुठंय ओळखा."

"नदीकाठचं असणार. मोठं आहे ते."

"छे. तुमच्या मागचा बटाट्याचा तुकडा."

लेटी इतकी हसली की किटली खाली ठेवावी लागली. "तो? त्यात गाय उभी केली तर शेपूट शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल."

"म्हणून तर ते नाव. आपले लोक पहिल्यापासूनच टवाळ."

हसणं ओसरल्यावर तिने किटली पुन्हा उचलली. मग म्हणाली, "एवढे कागद बघतेच आहेस तर माझंही एक काम कर. हेस्टरने काय चोरलं ते शोध."

हेस्टर मॅडॉक्स ही लेटीच्या आजीची आई. हॉलच्या धुण्याच्या खोलीत कामाला होती, नवरा आधीच वारलेला. लेटीची आजी केझाया चार वर्षांची असताना हेस्टर गेली. मावशीने पोरीला सांगितलं, तुझी आई बॉटनी बेला गेली. मग मावशी तिला घेऊन दूर, खिळे घडवणाऱ्यांच्या धुरकट गावी राहायला गेली आणि पुढे फार जगलीही नाही. तिथं रविवारच्या शाळेत कुणीतरी पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून केझायाला दाखवलं, हे बघ बॉटनी बे. गोलाच्या पार दुसऱ्या बाजूला, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर. तिथं कोण जातं तेही सांगितलं. चोर. सरकार त्यांना जहाजात कोंबून काळ्या पाण्यावर पाठवतं.

"आजीला आईची एकच आठवण होती," लेटी म्हणाली. "आई फाटकाबाहेर उभी होती. आजी धावत सुटली, तर आई ओरडली, 'तिथंच थांब, पुढं येऊ नको.' तिचे हात मागे बांधलेले होते. आजी हे सांगायची आणि शेवटी नेहमी म्हणायची, जाताना हात तरी लावू द्यायचा होता त्या मेल्यांनी."

लेटीला आजीनेच वाढवलं. त्या घरात रागापायी ऑस्ट्रेलियाची लोकर आली नाही, लोणी आलं नाही. लेटी मुद्दाम पेलवर्डाइनला नोकरीला आली ती हेस्टरचा काही पत्ता लागतो का बघायला. भोळेपणाने तिने ही गोष्ट हॉलच्या स्वयंपाकघरात सांगितली. त्यानंतर चांदीचा चमचा हरवला की स्वयंपाकीण आधी हिच्या खिशाकडे बघायची.

"पाव चोरला असेल तर पाव म्हण, चांदी चोरली असेल तर चांदी म्हण. मला लाज नाही आता," लेटी म्हणाली. "पण वर गेल्यावर आजी दारातच उभी असेल आणि पहिलं हेच विचारेल, की लेटे, लागला का पत्ता? एवढी वर्षं त्या गावात काढलीस, काय केलंस? मी काय तोंड दाखवू?"

हे ती हसत म्हणाली, पण तिचा चहा तसाच राहिला. मला ती फार आवडते, हे इथं सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी मी कारंजं आणि ड्यूक दोघांनाही वाऱ्यावर सोडलं.

कोर्टाचे जुने कागद मी चाळून काढले. कोंबडी चोरणारे होते, मेंढी चोरणारे होते, एका बाईने चादर चोरली म्हणून तिला सात वर्षं काळं पाणी झालं होतं. ते वाचून मी इतकी संतापले की मिस्टर ऑर्मरॉडनी पाणी आणून दिलं. हेस्टर मॅडॉक्स मात्र कुठंच नव्हती. जहाजांच्या याद्यांतही नव्हती. लेटीला सांगितलं तर म्हणाली, "नाव बदललं असेल. लाज वाटली असेल तिला." आणि तोंड फिरवून बराच वेळ केक कापत बसली.

मग एका गुरुवारी मिस्टर ऑर्मरॉड दारातच भेटले. पेन मागायचंही विसरले. पेलवर्डाइनचा सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना नकाशा दुरुस्तीला गेला होता, तो परत आला होता. हॉलच्या मालकांनी उत्तरेकडे झाडं लावून नवं रान केलं, त्याच्याही आधीचा. टेबलाच्या दोन्ही कडांवरून तो खाली लोंबत होता. मी सवयीने शेतांची नावं वाचत सरकत गेले. 'उपाशी टेकडी', 'म्हातारीचा पदर', आमचं लाडकं 'शंभर एकर'. ओढा ओलांडला. गावापासून सर्वांत लांब, अगदी कोपऱ्यात एक शेत होतं. आज जिथं नवं रान आहे तिथंच. त्यावर तिरक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बॉटनी बे'.

मी खुर्चीत बसले. हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा तुकड्याला शंभर एकर म्हणणारी आमची माणसं, गावापासून सर्वांत लांबच्या शेताला दुसरं काय म्हणणार? तिथं कामाला जायचं म्हणजे काळ्या पाण्यावर जायचं. दुपारची भाकरी बांधून निघताना कुणीतरी एकदा म्हटलं असेल आणि तेच नाव पडलं.

"बरं वाटत नाही का?" मिस्टर ऑर्मरॉडनी विचारलं.

"हा काळा चौकोन काय आहे?" मी म्हटलं. शेताच्या मधोमध एका घराची खूण होती.

ते भिंग घेऊन वाकले. "साथीचं घर, असं लिहिलंय. देवीची साथ आली की रोग्यांना गावाबाहेर ठेवायचे ना, ते. जेवण लांबच्या फाटकावर ठेवून यायचे."

परतीच्या बसमधून मी लेटीच्या दाराशी उतरले, पण तिच्याकडे गेले नाही. समोर चर्चमध्ये गेले आणि पाद्रीबुवांकडे पेटीची किल्ली मागितली. गेलेल्यांच्या नोंदींची वही त्या पेटीत असते. ती उघडायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. जी बाई समुद्रापार गेली तिचं दफन गावात कोण शोधेल? हेस्टर मॅडॉक्स, वय चोवीस. राहण्याच्या जागेच्या रकान्यात, बॉटनी बे. तिच्या वर आणि खाली आणखी काही नावं, त्यांचीही जागा तीच. लेटीच्या खिडकीपासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर ही वही पडून होती.

लेटीला सांगताना मी एकदम सांगितलं नाही. आधी शेत सांगितलं, मग साथीचं घर, मग वही. ती डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे चोरी नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही. काहीच नाही."

"आणि मावशी खोटं बोलली नाही."

"नाही. जे गावात म्हणत तेच तिने सांगितलं. ती गेली नसती तर पुढं कधीतरी उलगडून सांगितलंही असतं."

"नव्या रानात मी दर वसंतात जाते गं. निळी फुलं आणायला. तिच्या अंगणातून फुलं आणत होते मी." मग एकदम करड्या आवाजात, "ग्लिनला गाडी काढायला सांग. उद्या सकाळी. आणि त्याला म्हणावं, मागच्या सीटवरच्या कोंबड्या उतरव."

ग्लिनने कोंबड्या उतरवल्या, पण पिसं राहिली. ओढ्यापर्यंत गाडी गेली, पुढं त्याने लेटीला अक्षरशः उचलून पलीकडे नेलं. "प्रॉबर्टकाकू, तुम्ही तर पिसासारख्या हलक्या," तो म्हणाला. "आणि तू बैलासारखा घामेजलायस, खाली ठेव मला," ती म्हणाली. नकाशाची नक्कल माझ्या हातात होती. फार शोधावं लागलं नाही. झाडांच्या मध्ये विटांची एक ओळ मातीतून वर आली होती आणि तिच्याशेजारी आंबट प्लमचं एक झाड उभं होतं. रानात ते आपोआप उगवत नाही. कुणाच्यातरी अंगणातलं ते, नाहीतर त्या झाडाचं पोर.

"गाव कुठल्या बाजूला?" लेटीने विचारलं. मी तिला खांद्याला धरून वळवलं. मध्ये ओकची झाडं होती. त्या काळी नव्हती. तेव्हा इथून ओढ्यापलीकडचं, जेवण ठेवायचे ते फाटक दिसत असणार, आणि त्यामागे धुणेकरणींची घरं, त्यांचा धूर.

लेटीने त्या बाजूला तोंड करून पाय रोवले. मग तिने काठी ग्लिनकडे दिली. मी आधार द्यायला पुढं झाले तर तिने मान हलवली. हळूहळू दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"ये बघू माझ्याकडे," ती मला म्हणाली.

मी एक पाऊल टाकलं.

"तिथंच थांब. पुढं येऊ नको."

तिचा आवाज अगदी हलका होता. मी थांबले. आणि मला दिसलं ते तिलाही त्याच क्षणी दिसलं असावं, कारण तिचा चेहरा पिळवटला.

"बांधलेले नव्हते गं," लेटी म्हणाली. "तिचे हात कुणी बांधलेच नव्हते. तिनेच धरून ठेवले होते. नाहीतर तिने पोरीला उचललं असतं."

मी रडले. ग्लिन टोपी काढून ओढ्याकडे बघत उभा राहिला. लेटीने हात सोडवले, ते थोडा वेळ स्वतःच्याच अंगाशी धरले, आणि मग काठी मागितली.

परत येताना ती मागच्या सीटवर पिसांत बसून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना म्हणत असेल. हॉलच्या फाटकापाशी आल्यावरही ओठ हलतच होते.

"काय म्हणताय, लेटी?" मी विचारलं.

"आजीला सांगायचंय ते पाठ करतेय," ती म्हणाली. "वर गेल्यावर गडबडीत हातांचं सांगायचं राहून जायला नको."