भट्टी चुकवलेली टाकी

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे, गॅसची तर मुळीच नव्हे. पाणबुड्याच्या पाठीवर बसून त्याला समुद्रात हवा पुरवणारी. मोठ्या कपाटात मावेल एवढी हवा मी पोटात दाबून धरते आणि चेहऱ्यावर दाखवत नाही. पिवळा रंग उडालाय, अंगभर ओरखडे आहेत, पण तब्येत ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी आणि माझी बहीण एकाच कारखान्यात जन्मलो. पाण्याखाली पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी आम्हा दोघींना घरी आणलं. मास्तर भयंकर शिस्तीचे. समुद्रातून आलो की गोड्या पाण्याने आंघोळ, मग सावलीत उभं राहायचं. पोटात थोडी हवा कायम शिल्लक, म्हणजे आत ओल शिरत नाही. शिष्यांनी आम्हाला आपटलं की ते विचारायचे, "स्वतःचं नाक असं आपटाल का?" आम्हाला भारी वाटायचं.

पुढे मास्तरांच्या कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी पाण्याखाली जायला बंदी केली आणि आम्ही त्यांच्या जावयाच्या गॅरेजमध्ये येऊन पडलो. जावई गाड्या रंगवायचा. माणूस मनाने चांगला, हाताला सफाई. पण जुनी वस्तू दिसली की रंगवायची त्याला भारी खाज. सासऱ्यांच्या टाक्यांना बरी किंमत यावी म्हणून त्याने बहिणीला घासली, लालभडक केली आणि गाडीच्या दारांबरोबर भट्टीत भाजून काढली. माझी पाळी आली तेव्हा नेमकी भट्टी बिघडली. बहीण दारात मिरवायला उभी, मी टायरांच्या मागे. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा.

अशात एक दिवस गॅरेजमध्ये एक मुलगी आली. बंदरात पाण्यात उतरून बोटींचे तळ खरवडायचे, हे तिचं काम. सगळे तिला पाणकोंबडी म्हणत आणि ती खुशाल ओ देई. टाकी ती भाड्याने आणायची. पण समुद्र शांत असला की दुकानदार सगळ्या टाक्या हौशी पर्यटकांना देऊन टाकायचा आणि हिचा दिवस वाया. आता फेरीबोटीचं वर्षभराचं काम चालून आलं होतं. अट एकच, टाकी स्वतःची हवी. नवी तिच्या आवाक्यात नव्हती, म्हणून ती जुनी शोधत फिरत होती. सोबत आत्या, घासाघीस करायला.

"ही लाल घे," आत्या म्हणाली. "नवीकोरी दिसतेय. दादा, थोडं कमी करा, आत्ता उचलतो."

जावई खूष. "रंग बघा ताई. नखाने खरवडा हवं तर, निघायचा नाही."

पाणकोंबडीने बहिणीवरून हात फिरवला आणि ती थांबली. "दादा, हा रंग वाळवला कसा?"

"भट्टीत. गाड्यांना देतो तसाच, पक्का."

तिचा हात मागे आला. "मग ही कुणाच्याच कामाची नाही. आम्ही असली टाकी घेतच नाही. आचेने ॲल्युमिनियम मऊ पडतं. दिसायला तशीच, पण हवा भरताना फुटली तर भरणारा जागचा उठायचा नाही."

"काहीतरीच काय, एवढी जाडजूड वस्तू."

तेवढ्यात मास्तर आतून आले. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी लाल टाकीकडे बघितलं, मग जावयाकडे. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझ्यासाठीच केलंत, कळतंय मला. आता ड्रिल आणा."

स्वस्त मिळतेय म्हणून उद्या कुणी तिला नेऊ नये, यासाठी बहिणीच्या अंगाला भोक पाडलं. जावयाने स्वतःच पाडलं, मान खाली घालून. माझी एकुलती एक बहीण. मला फार वाईट वाटलं.

"ती मागची पिवळी?" पाणकोंबडीने विचारलं.

"तिला भट्टी लागलीच नाही," जावई पडलेल्या आवाजात म्हणाला.

आत्याने नाक मुरडलं. "हिचं तर कातडं सोललंय."

पाणकोंबडीने माझा व्हॉल्व्ह जरासा उघडला. मास्तरांनी राखलेली हवा फुस्स करून बाहेर आली, कोरडी, बिनवासाची. ती हसली. पण पैसे तपासणीत पास झाल्यावरच द्यायचे, एवढं आत्याने पदरात पाडून घेतलंच.

तपासणीत दिवा सोडून माझं पोट बघितलं. मग पाणी भरून दाब दिला. मी जराशी फुगले आणि दाब काढताच होते तशी झाले. तेच तर बघायचं असतं. पाणकोंबडी बाहेर बाकावर नखं खात बसली होती. मी नापास झाले असते, तर फेरीबोटीचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. मला मात्र काडीची शंका नव्हती. खांद्यावर नवा ठसा घेऊनच मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. भाड्याच्या दुकानात ही गर्दी. तिला पाहताच दुकानदार म्हणाला, "आज एकही टाकी नाही हं."

"टाकी आहे," ती म्हणाली आणि मला पुढे उभं केलं. "हवा भरून द्या."

आता आम्ही दोघी धक्क्याला बांधलेल्या फेरीबोटीखाली असतो. ती खरवडते, मी हवा देते. तुम्हीही स्वस्तात टाकी शोधत असाल तर जरूर शोधा, लाजू नका. फक्त रंगाला भुलू नका आणि तपासल्याशिवाय पाठीवर घेऊ नका. मला आता पुष्कळ जगायचंय. बहिणीच्या वाटणीची वर्षंही मलाच काढायची आहेत.